याकूब उस्तादांचा शेवटचा हुकूम

“मग मी गद्दार झालो का, उस्ताद?”

याकूब उस्ताद दोर ओढत राहिले.

नदीवर सकाळचं दाट धुकं होतं. दोन्ही काठ दिसेनासे झालेले. नाव पाण्यावर चाललीय की ढगावर, हेच मेजर इंगवल्यांना कळेना. या काठापासून त्या काठापर्यंत ताणलेला एक दोर, त्याच्या आधारानं नाव सरकत होती. खालच्या अंगाला, न दिसणारा धबधबा घुमत होता.

आता नाव चालवणाऱ्या याच उस्तादांनी एके काळी कवायतीच्या मैदानावर इंगवल्यांना शिपाई केलं होतं. ‘हुकूम म्हणजे हुकूम’ हे त्यांचंच वाक्य. इंगवल्यांनी ते बावीस वर्षं छातीवर मिरवलं.

काल सेनापतींचा हुकूम आला. सभागृह रिकामं करा, दाराला कुलूप ठोका. इंगवले पलटण घेऊन दारापर्यंत गेले. आत निवडून आलेली माणसं बसून होती. कुणी हलत नव्हतं. एक म्हातारी सभासद फडक्यातली भाकरी सोडत होती. बंदुका पाहून ती म्हणाली, “या, जेवायला.”

इंगवल्यांनी पलटण माघारी फिरवली.

आता पलीकडच्या काठावर लष्करी न्यायालय त्यांची वाट पाहत होतं.

“शपथ घेतली राज्यघटनेची,” इंगवले म्हणाले, “आणि हुकूम सेनापतींचा. एक पाळावं तर दुसरं मोडतं.”

उस्तादांनी कमरेचा कोयता काढून पुढं केला.

“दोर काप.”

“उस्ताद…?”

“हुकूम आहे, इंगवले!”

मैदानावरचा तोच आवाज. इंगवल्यांचे खांदे आपसूक ताठ झाले. कोयता हातात आला. पातं दोराला टेकलं… एक पीळ तटकन सुटला. नाव थरथरली.

इंगवल्यांनी कोयता खाली ठेवला.

“नाही, उस्ताद.”

उस्ताद पुन्हा दोर ओढू लागले…

बऱ्याच वेळानं धुक्यातून काठ वर आला. दोन शिपाई बेड्या घेऊन उभे होते. त्यांनी सवयीनं सलाम ठोकला, मग ओशाळून हात खाली घेतले.

इंगवले उतरले. दोन पावलं गेले, आणि वळले.

“तुमचाही हुकूम मोडला मी. माफ करा.”

“कापला असतास,” दोराला हात घालत उस्ताद म्हणाले, “तर हुकूम द्यायला मी कुठं उरलो असतो?”