धावऱ्या आणि बॅटरीमावशी

गेमिंग लॅपटॉप घरोघरी नवे होते, तेव्हाची गोष्ट. मृण्मयीच्या लॅपटॉपमध्ये धावऱ्या नावाचा प्रोसेसर राहायचा. त्याला आपल्या वेगाचा भारी तोरा. एके दुपारी खेळातली तिची गाडी शर्यतीच्या शेवटच्या फेरीत होती आणि वीज गेली.

"धावऱ्या, आता हळू," बॅटरीमावशी म्हणाली. "तारेतून मिळत होती तेवढी वीज माझ्याकडून मिळणार नाही. असाच पळालास तर आपण दोघं मध्येच बंद पडू."

"हळू चाललो तर मृण्मयी काय म्हणेल?"

"आणि बंद पडलास तर?"

धावऱ्याने वेग आवरला. चित्र अडखळू लागलं. मृण्मयी करवादली. त्याला वाईट वाटलं, पण तो बेतानेच चालत राहिला.

गाडी शेवटून दुसरी आली, पण आली! मृण्मयीने टाळ्या पिटल्या.

"मावशी," धावऱ्या हरखून म्हणाला, "एवढ्या हळू चालूनही ती खूश झाली की गं!"