मागेल त्याला आकाश

“उरकलं बाई एकदाचं धाकट्याचं लग्न. मुलीला काही कळायच्या आत.”

सासूबाई आपल्या बहिणीला सांगत होत्या. दाराआड नवी सून हेमांगी ताकाचं भांडं घेऊन उभी होती. तिनं ताक तेवढं आत नेऊन ठेवलं.

तर निंबवड्यात एक भोळा दिगू होता, तो हाच हेमांगीचा नवरा. सांगाल ते करायचा. सांगाल तेवढंच करायचा. थोरला शशिदादा हुशार. त्यानं मित्रांबरोबर अंतराळाचा खेळ बनवला होता. जगभरच्या लोकांनी घरबसल्या एकाच आकाशात यानं उडवायची. ते सगळं आकाश माडीवरच्या एका कॉम्प्युटरात होतं. त्याला सर्व्हर म्हणायचं आणि दिगूनं तो सांभाळायचा.

“आपला खेळ ओपन सोर्स आहे,” दादा म्हणाला. “कुणापासून काही लपवायचं नाही.”

दिगूनं पासवर्ड ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहिला. संध्याकाळपर्यंत खेळातल्या मंगळावर सरपंचांच्या भाच्याच्या वाढदिवसाचा फ्लेक्स लागला.

“गाढवा!” दादा ओरडला. “आत कोण येतंय ते बघायचं. ओळख विचारायची. अनोळखी दिसला की हाकलायचा. पुन्हा घोळ घातलास तर मामाच्या पोल्ट्रीवर धाडीन, बायकोसकट!”

हेमांगीनं ती पोल्ट्री पाहिली होती. म्हणजे वास आधी आला, मग पोल्ट्री दिसली.

रविवारी खेळाचं उद्घाटन. ब्राझीलहून लोक आले, जपानहून आले. दिगू एकेकाला लिहून विचारी, “कोणाचे तुम्ही? मूळ गाव कुठलं?” कुणालाच धड सांगता येईना. सगळे हाकलले. एकटे आत्याचे यजमान आत गेले, अख्खी आकाशगंगा फिरून आले आणि म्हणाले, “जागा चांगली आहे, पण वस्ती नाही.”

दादानं कपाळ बडवलं. “अरे, आल्या माणसाला नाही म्हणू नये! खेळ सगळ्यांचा आहे. मागेल त्याला द्यायचा. दिल्यानं आपल्याकडचा कमी होत नाही!”

“बरं,” दिगू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हेमांगी दळण आणायला गेली आणि दारात भंगारवाला आला.

“जुना कॉम्प्युटर आहे का?”

“आहे की. सगळ्यांचाच आहे.” दिगूनं तो माडीवरून उतरवला, हातगाडीवर चढवला. चढाला गाडी ढकलूनही दिली.

दादा आला. माडी रिकामी.

“सर्व्हर कुठंय?”

“दिला.”

“दिला?”

“नीट बघ ना, दादा. आपल्याकडचा कमी होत नाही.”

दादानं मामाचा नंबर फिरवला. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला. मामाला फोन लागला. तेव्हा हेमांगीनं पिठाचा डबा खाली ठेवला.

“आई, मला सगळं कळलं होतं. तुम्ही बघायला आलात तेव्हा आमचे बाबा म्हणाले, ‘आपलंच घर समजा.’ तुम्ही सगळे पोहे खात बसलात. हे उठले आणि आमचा गळका नळ दुरुस्त करून आले. तेव्हाच मी हो म्हटलं. जातो आम्ही पोल्ट्रीवर. फक्त मामांना एवढं सांगा, ह्यांना ‘कोंबड्या आपल्याच समज’ म्हणू नका. संध्याकाळी रस्सा होईल.”