जो नकाशा 'नाही' म्हणाला

एकदा एक तरुण शिष्य भेदरलेल्या चेहऱ्याने आपल्या वृद्ध गुरूंकडे आला. गुरूंनी आयुष्यभर संगणकविद्या शिकवली होती, आणि शिष्य त्याच विद्येवर पोट भरत होता. त्याने एक प्लगइन घडवले होते. सर्पदंश उपचार केंद्राच्या संकेतस्थळाला ते जोडले, की निरोप येताच केंद्राच्या गाडीला रुग्णाच्या वस्तीची वाट नकाशावर दिसणार होती. आता ऑनलाइन नकाशे पुरवणाऱ्या तीन सेवांपैकी कोणत्या त्यात घ्यायच्या, एवढेच ठरायचे होते.

"गुरुजी, उद्यापासून हे सुरू होणार. माझी निवड चुकली तर माणूस हकनाक जाईल. फार भीती वाटते. पहिल्या दोन सेवा काहीही विचारा, लगेच दाखवतात. तिसरी अडखळते. तिला काढून टाकतो."

गुरूंनी एका गावाचे नाव टाकले. पहिल्या दोन सेवांनी तत्काळ खूण रोवली, वाटही आखली. तिसरी म्हणाली, 'हे ठिकाण सापडले नाही.' गुरूंनी पहिल्या दोन पुसल्या आणि तिसरी तेवढी ठेवली.

शिष्य चक्रावला. "जिला गाव सापडत नाही, तीच ठेवता?"

"ते गाव कुठेच नाही," गुरू म्हणाले. "मी आत्ताच रचलं."

शिष्याने पुसलेल्या सेवा परत आणल्या आणि घाटाखालच्या आपल्या वस्तीचे नाव टाकले. तिथे त्याची आई एकटी राहत असे, आणि कुंपणाच्या दगडी गडग्यात विषारी फुरसे निघणे तिथे नित्याचेच. दोन्ही सेवांनी खूण ठामपणे नदीच्या अलीकडे रोवली. वस्ती पलीकडे होती, आणि पावसाळ्यात ती नदी ओलांडता येत नसे. तिसरीने याही वेळी नाही म्हटले.

"माझी आई..."

गुरू म्हणाले, "अरे, अज्ञान कोणाला चुकलं आहे? पण ज्याला ठाऊक नाही असं म्हणता येतं, तो आपल्याला निदान दुसऱ्याला विचारायला मोकळं ठेवतो. जो ठोकून देतो, तो विचारण्याची वेळच खाऊन टाकतो. आणि साप चावल्यावर वेळ तेवढी हाताशी नसते."

"पण तिसरीलाही वस्ती ठाऊक नाही. मग गाडीने जायचं कसं?"

"तिथे नकाशा दाखवूच नकोस. 'ठाऊक नाही, निरोप देणाऱ्याला फोन करा,' एवढं लिही. कोणीतरी वाट दाखवायला फाट्यावर येऊन उभं राहील."

शिष्याने हळूच विचारले, "गुरुजी, म्हणजे आता माझी भीती जाईल ना?"

"नाही जाणार. त्या दोन सेवांना भीती नव्हती, म्हणून तर मी त्यांना काढलं."

शिष्याने त्या दोन्ही सेवा पुन्हा पुसल्या. मग भीत भीतच त्याने पडद्यावर लिहिले: ठाऊक नाही.