आवडीचा शंख

फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की तेव्हा कांदळवेळच्या खाडीवर पूल नव्हता आणि कधी होईल असं कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. या तीरावर गाव. त्या तीरावर बाजार, देऊळ, वैद्य आणि बाकीचं सगळं जग. मध्ये खाडी, आणि खाडीवर आवडी तारिणीची होडी.

असं सांगतात, की आवडीनं वल्हं हाती घेतलं की ओहोटीसुद्धा जरा थांबून तिला वाट द्यायची. तिच्या होडीतून उतरलेल्या माणसाचा पाय कधी भिजला नाही. तिच्या कमरेला एक शंख असे. पैलतीरावरून कुणी कुकारा घातला, "होऽऽ आवडे, होऽऽ!", की ती शंख फुंकायची. म्हणजे आले, थांबा.

कुकारा आला तरच होडी सुटायची. हा नियम तिच्या आज्याच्याही आधीपासूनचा. आवडीनं एकटीनं तो मोडला. तिचा धाकटा भाऊ मुका होता. एका संध्याकाळी तो पैलतीरावरच्या खडकावर उभा राहिला आणि हात हलवत राहिला. भरती चढत गेली आणि त्याला घेऊन गेली. त्यांचा बाप या तीरावर, खाडीकडे पाठ करून, जाळं विणत कुकाऱ्याची वाट बघत बसला होता. त्या संध्याकाळनंतर आवडी जन्मभर खाडीकडे पाठ करून बसली नाही. न घातलेला कुकारा तिला ऐकू येतो, असं लोक म्हणू लागले.

त्याच गावात धाकूची बायको येसू राहायची. तिला एक लेक होती, शेवंती. काळेभोर डोळे, सारखी हसणारी. शेजारची पोरं "आये", "पानी", "दे" म्हणू लागली, मग भांडूही लागली. शेवंती मात्र गप्प. तिच्या मागून जन्मलेलं पोरही बोलू लागलं, तरी शेवंती गप्पच.

कांदळवेळची एक समजूत होती. खाडीमाय काही पोरांचा आवाज जन्मताच ठेवून घेते आणि तिच्या मनात येईल तेव्हा परत देते. मागायला जाऊ नये. मागितला की ती रागावते. या समजुतीला आधारही होता, कारण उशिरा बोललेली पोरं घरोघर होती. येसूची सासूच सांगायची, "अगो, हा धाकू केवढा होईस्तोवर मुक्यासारखा होता! आणि आता? गप्प बसवता बसवता माझ्या तोंडाला फेस येतो. वाट बघ गो. येईल आवाज."

येसू वाट बघत होती. पण आईचं मन वाट बघतानाही हेरत असतं. ती मागून येऊन माळ्याच्या शिडीवर मूठ आपटायची. शिडीला टेकून बसलेली शेवंती लगेच वळायची. तिनं लेकीच्या पायात पैंजण घातले, तर पोरगी दिवसभर पाय आपटत नाचायची. मग येसूचा जीव भांड्यात पडायचा. ऐकते की! आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तीच धास्ती छातीत येऊन बसायची. ज्याला कुकारा घालता येत नाही, त्याचा जन्म एकाच तीरावर जातो. आवडीच्या भावाची गोष्ट तिलाही ठाऊक होती.

शेवटी तिला राहवेना. देवळातल्या घंटेत ओतलेलं पाणी पाजलं की जीभ सुटते, असं तिच्या माहेरी मानत. घरी न सांगता तिनं शेवंतीला कडेवर घेतलं आणि ती घाटावर आली. होडीत त्या तिघीच. येसूनं पाण्याकडे बघायचंही टाळलं. खाडीमायला कळलं तर?

आवडी वल्हवत होती, पण तिचे डोळे पोरीच्या पाठीवर होते. तिनं हाक मारली, शीळ घातली, घुबडाचा आवाज काढला. पोरगी पाण्यात बोट बुडवून बसली होती. मग वल्ह्याचा दांडा फळीवर आपटला आणि शेवंती गर्रकन वळून हसली.

"पोरीला ऐकू येतं का गो?" आवडीनं विचारलं.

"येतं की! आत्ता वळली ना? बोलत नाही एवढंच. खाडीमायनं आवाज ठेवून घेतलाय."

"मी जन्मभर खाडीमायच्या उरावर बसलेय, पोरी. तिच्याकडे एवढ्या पोरांचे आवाज असते, तर त्या कलकलाटात मला झोप लागली असती काय?"

येसूला हसावं की घाबरावं कळेना. तेवढ्यात आवडीनं होडी वळवली. देवळाच्या घाटाकडे नाही, तर ओहोटीनं मोकळ्या झालेल्या मधल्या वाळूच्या बेटाकडे. तिनं शेवंतीला उचलून वाळूवर बसवलं. पोरगी शिंपले वेचू लागली. आवडी तिच्या मागे दूर जाऊन उभी राहिली आणि तिनं कमरेचा शंख सोडला.

असं सांगतात, की तसा शंख त्या खाडीनं आधी ऐकला नव्हता आणि नंतरही ऐकला नाही. कांदळवनातले सगळे बगळे एकदम उडाले आणि आभाळ पांढरं झालं. खेकडे बिळात शिरले. पैलतीरावरच्या देवळातली घंटा आपोआप घुमली. गावात चुलीपुढे बसलेल्या बाया हातातलं काम टाकून बाहेर आल्या.

शेवंतीनं एक शिंपला उचलला, उलटा करून बघितला आणि शेजारी ठेवला.

येसू वाळूत मट्कन बसली.

"फळी थरथरते, ते तिच्या अंगाला कळतं," आवडी जवळ येऊन म्हणाली. "शिडीही थरथरते. वाळू काही सांगत नाही."

"मग ही कधीच बोलायची नाही?"

"तोंडानं बोलेल का, ते मला ठाऊक नाही. पण तुला तिच्याशी बोलायचं असेल, तर उद्यावर ढकलू नकोस. माझ्या भावाशी आम्ही कुणी बोललोच नाही गो. तो बोलेल म्हणून वाट बघत राहिलो." आवडीनं तोंड फिरवलं. मग म्हणाली, "रडायचं ते इथं रडून घे. भरती यायच्या आत आपल्याला काम सुरू करायचंय."

आणि त्या वाळूवरच काम सुरू झालं. वारा सुटला की खाडीवर कुकारा पोचत नाही, तेव्हा होडीवाले हातांनी खुणा करायचे. सपाट पंजा हलवला की पाणी. दोन्ही मुठी ओढल्या की वल्हव. हात आडवा धरला की थांब. आवडीकडे अशा खुणा भरपूर होत्या. नव्हत्या त्या तिनं केल्या. भात, मासा, भूक, दुखतंय. मूठ छातीवर ठेवली की आई.

येसू रोज लेकीला घेऊन घाटावर येऊ लागली. भात वाढताना भाताची खूण, पाणी देताना पाण्याची. शेवंती नुसती टक लावून बघायची. कितीतरी दिवस नुसतीच बघत राहिली. मग एका सकाळी येसू चूल फुंकत असताना पदराला ओढ बसली. वळून बघते तर शेवंती समोर उभी. तिनं आपली इवलीशी मूठ छातीवर ठेवली आणि येसूकडे बोट दाखवलं.

आई.

चूल विझली, भात कच्चा राहिला आणि त्या दिवशी घरात कुणी जेवायला मागितलंही नाही. पुढे तर पोरीचे हात थांबेनात. सासू म्हणायची, "धाकूचीच लेक गो बाय! हातानंसुद्धा किती बडबडावं माणसानं!" आणि हे ती स्वतः हातांनीच सांगायची.

मग दुसऱ्या आयाही पोरं घेऊन वाळूवर येऊ लागल्या. पोर शंखाला वळलं, त्यानं सांगितलेलं समजून वाटी आणून दिली, हवं ते बोटानं दाखवलं, की आवडी हसायची. "याचं बोलणं मागच्या होडीनं येतंय. तुम्ही बोलत राहा आणि त्याला डोळ्याआड करू नका." पण पोर वळलं नाही, किंवा बोलतं पोर अचानक गप्प झालं, तर ती कुणालाही घरी जाऊ देत नसे. "वाट नंतर बघा. आधी होडीत बसा," म्हणायची आणि थेट पैलतीरावर वैद्याकडे न्यायची.

वर्षं गेली. आवडीचे केस पिकले. भाद्रपदात एके दिवशी ती बाजाराची माणसं घेऊन परतत होती. येसू होडीत होती. अचानक असा वारा सुटला, की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येईना. आवडीची नजर समोरच्या घाटावर होती. तिच्या मागून, पुराच्या लोंढ्यात, मुळांसकट उपटलेलं झाड होडीवर येत होतं. काठावरचा सगळा गाव ओरडला. धाकू ओरडला, सासू ओरडली. वाऱ्यानं सगळे आवाज उचलले आणि डोंगरापलीकडे नेऊन टाकले.

तेव्हा शेवंती घाटाच्या खडकावर चढली.

तिनं हात उचलले. झाड. मागे. मोठं. उजवीकडे वल्हव, वल्हव, वल्हव. असं सांगतात, की त्या वेळी तिचे हात ताडाच्या उंचीचे झाले आणि खाडीभर दिसले. आवडीनं मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. तिनं वल्हं दाबलं, होडी वळली आणि ते झाड हातभर अंतरावरून, पाणी फाडत, समुद्राकडे निघून गेलं.

मग शेवंतीनं मूठ छातीवर ठेवली. येसू मरेपर्यंत शपथेवर सांगायची, की त्या वाऱ्यात, जिथं गावाची हाक पोचली नाही, तिथं तिनं "आये" असं स्पष्ट ऐकलं.

शेवंती तोंडानं कधी बोलली नाही. पण कांदळवेळमध्ये तिला कुणी मुकी म्हटलं नाही. आवडीनंतर होडी तिनंच चालवली. लोक कुकारा घालत नसत. काठावर उभं राहून हात उचलत, आणि ती आलीच.

आता खाडीवर पूल आहे. तरी गावात पोराचं पहिलं वर्ष भरलं, की घरची माणसं त्याला ओहोटीला मधल्या वाळूवर नेतात. फळीवर नाही, चटईवर नाही, वाळूवरच बसवतात. थोरली बाई मागे जाऊन आवडीचा शंख फुंकते. पोर वळलं, की त्याच्या तोंडात गुळाचा खडा. आणि नाही वळलं, तर कुणी रडत नाही, कुणी कुणाला दोष देत नाही. गूळ त्यालाही मिळतो. मग त्याच पावली होडी पैलतीराला लागते, तिथून गाडी तालुक्याच्या कानाच्या डॉक्टरकडे जाते. काठावर उभा असलेला सगळा गाव, म्हाताऱ्यांपासून शाळकरी पोरांपर्यंत, त्या लेकराकडे बघून हात उचलतो.

आलो, थांब.