काशाची एकच वाटी

फार मागे, मधुवती नगरीत उदयभद्र राजाचं राज्य चालू होतं, तेव्हा बोधिसत्त्व त्याच्याच पदरी अमात्य होते.

राज्याच्या टोकाला कुमुदखोरं नावाचा प्रांत होता. तिथल्या मोठ्या तळ्याचा बांध फुटून बारा वर्षं झाली होती. पाणी गेलं, मागोमाग भात गेला, भातासाठी येणारे बैलांचे तांडे गेले. मग एकेक घर उठून नगरीकडे चाललं. राजाने अशा प्रांतांच्या उभारणीसाठी कोठारातून द्रव्य काढलं होतं. तो अमात्यांना म्हणाला, "कुमुदखोऱ्यात जाऊन बघा. गरज असेल तर द्या. नसेल तर त्याच द्रव्यातून नदीकाठची आमराई घेऊन तुमच्या नावे करतो."

ती आमराई कधीकाळी बोधिसत्त्वांच्या वडिलांची होती. लहानपणी ते तिच्याच सावलीत निजले होते. मोहोराचा वास आला की अजून त्यांची पावलं मंदावत.

आता, त्या खोऱ्याची एक रीत होती. पाहुण्याला घरातली उणीव दिसू द्यायची नाही. तळ्याकाठच्या गावचा मुख्य, सेणक नावाचा, त्यांना घरोघर घेऊन गेला. पहिल्या घरी काशाच्या वाटीतून दूध आलं.

"कसं चाललंय?"

"बरं चाललंय, अमात्यबाबा. काही कमी नाही."

दुसऱ्या घरीही काशाची वाटी, तिसऱ्या घरीही. तिसऱ्या घरची वाटी बाहेरून ओलीच होती. तिच्या काठाला तांदळाच्या दाण्याएवढी खाच होती. तशीच खाच बोधिसत्त्वांनी आधीच्या दोन्ही घरी पाहिली होती. चौथ्या घरी जरा उशीर झाला. परसदारी कुणीतरी धापा टाकत होतं.

"मांजर असेल," घरची बाई म्हणाली.

"बरंच लांबून आलेलं दिसतंय," बोधिसत्त्व म्हणाले आणि दूध प्यायले.

शेवटचं घर धनिका नावाच्या म्हातारीचं. वाटी तिचीच होती. गावात उरलेलं चांगलं भांडं तेवढंच.

"आजी, जुनी दिसते."

"तळं भरलेलं होतं तेव्हाची, बाबा. पहिल्या पिकाच्या पैशांतून घेतली. तेव्हा तांड्याच्या घंटा पल्याडच्या टेकडीवर वाजल्या की आम्ही चुली पेटवायचो. बैल येऊन पाण्याला लागेपर्यंत भात शिजलेला असायचा. पाण्यावर कुमुदं इतकी, की बैल तोंडाने बाजूला सारून प्यायचे."

"आणि आता?"

म्हातारीने पदर सारखा केला. "आताही बरंच आहे की."

बाहेर आल्यावर बरोबरचा लेखनिक म्हणाला, "प्रांत सुखी आहे, असं लिहू? त्यांच्याच तोंडचं आहे."

बोधिसत्त्व वाटेत उभे राहिले. हो म्हटलं की आमराई त्यांची होती, आणि खोटंही बोलावं लागत नव्हतं. पण मग तळं कायमचं गेलं. आणि त्या वाटीचं गुपित भरल्या गावात उघडं केलं, तर या माणसांजवळ जे एकच उरलं होतं तेही जाणार होतं.

"काही लिहू नकोस," ते म्हणाले.

त्यांनी सगळ्यांना फुटक्या बांधावर बोलावलं. "राजाचं एक काम अडलंय. दक्षिणेच्या वाटेवर तांड्यांना पाणी नाही, म्हणून व्यापार थांबलाय. हे तळं पुन्हा भरलं तर राज्याची सोय होईल. द्रव्य कोठाराचं, हात तुमचे. राजाला मदत कराल का?"

हे खरंच होतं. फक्त असं कुणी आजवर विचारलं नव्हतं.

धनिका म्हणाली, "अरे सेणका, बारा वर्षं बांधाकडे पाठ करून बसलास. आता राजाचं अडलंय, तर टोपली उचल."

लोक हसले. सेणकाने डोळे पुसले आणि टोपली उचलली.

बोधिसत्त्वांनी राजाला एवढंच सांगितलं, की गरज होती. आमराई दुसऱ्याने घेतली. पुढे ते तिच्या कडेकडेने जात, मोहोराच्या दिवसांत जरा हळू.

तीन पावसाळ्यांनी ते खोऱ्यात परत गेले. टेकडीवर घंटा वाजत होत्या, चुली पेटत होत्या. आता घरोघरी वाट्या निराळ्या होत्या, नव्या, चकचकीत. धनिकेनेही नवी पुढे केली. त्यांनी मात्र दूध त्या खाचेच्या जुन्या वाटीतच मागून घेतलं.

विहारातल्या भिक्षूंना एवढं सांगून तथागत थांबले. मग म्हणाले, "विहाराच्या पायरीशी बसलेली ही म्हातारी उपासिका रोज आपली पेज दुसऱ्याला देते आणि 'माझं झालं' म्हणते. तीच तेव्हाची धनिका. बांध घालणारा सेणक म्हणजे आज आपल्या विहिरीचा गाळ उपसणारा भिक्षू. उदयभद्र म्हणजे ही जागा देणारा श्रेष्ठी. आणि तो अमात्य मी होतो. घेणाऱ्याची मान खाली न जाऊ देता दिलेलं दान, त्याला मी करुणा म्हणतो."