उचललेलं ताट

"आत आहे की नाही, एवढंच सांग."

भंते उपसंतांनी पुन्हा तेच विचारलं.

सुमेध टेबलाखाली डोकं घालून बसला होता. तिथूनच म्हणाला, "आहे, भंते. म्हणजे... डिस्क आहे. जोडलेली आहे. पण कॉम्प्युटर म्हणतो, चालू करायला काही सापडत नाही."

"मग खोटं कोण बोलतं?"

"डिस्क. म्हातारी झाली ती."

विहार भंडाऱ्याकडच्या एका गावाबाहेर, तळ्याच्या काठावर होता. सुमेध खोब्रागडे त्याच गावचा. आता नागपुरात कॉम्प्युटर इंजिनिअर होता. सुटीत गावी आला की भंतेंपाशी येऊन बसायचा आणि त्यांना प्रश्न विचारायचा. उत्तरंही बहुधा तोच द्यायचा.

सुमेध म्हणजे चांगल्या बुद्धीचा. होताच तो तसा. ते त्याला पक्कं ठाऊक होतं, एवढीच काय ती अडचण.

भंते त्याला कधी शिष्य म्हणाले नव्हते. तो मात्र चार लोकांत त्यांना गुरू म्हणून सांगायचा.

विहारातला कॉम्प्युटर त्यानंच आणून बसवला होता. आज सकाळी तो म्हणाला, फार हळू चालतोय हा, याला नवी वेगवान डिस्क लावतो. लावली. नवी तपासताना जुनीला धक्का नको म्हणून ती काढून ठेवली. नवी चांगली निघाली. मग जुनी होती तिथं परत जोडली, बटण दाबलं, आणि काळ्या स्क्रीनवर पांढरी ओळ उमटली. चालू करण्यासारखं काही सापडलं नाही.

त्याला आता दोन तास झाले होते.

"माही बहीण हाय ना जी त्याच्यात?"

दारात पंचफुलाबाई उभ्या होत्या. हातात डबा. आज भंतेंचं जेवण त्यांच्या घरचं होतं.

सुमेध गुडघे झटकत टेबलाखालून बाहेर आला.

त्या कॉम्प्युटरमध्ये भंतेंनी आसपासच्या म्हाताऱ्या बायांची बोलणी साठवली होती. कोण कशी जगली, ते जिच्या तिच्या तोंडून. भंते ओसरीवर बसून ऐकायचे, मोबाइल समोर ठेवायचे, मध्ये बोलायचे नाहीत. मग ते मोबाइलमधून काढून इथं ठेवायचे. पंचफुलाबाईंची थोरली बहीण सायत्रा त्यात दुपारभर बोलली होती. मागच्या हिवाळ्यात ती गेली. तिचा धड एक फोटोही घरात नव्हता. राहिला होता तो एवढा आवाज.

महिन्यातून एखाद्या वेळी पंचफुलाबाई विहारात यायच्या, थोडं ऐकायच्या आणि घरी जायच्या.

"बघतो आहे, बाई," सुमेध म्हणाला. मग भंतेंकडे वळून हळूच विचारलं, "याची कॉपी कुठं ठेवली आहे?"

"तू म्हणाला होतास, लागणार नाही."

...

"बरं," सुमेध म्हणाला. "मग आता एकच करता येईल. ही डिस्क कोरी करतो आणि नवी सिस्टीम घालतो. तासाभरात कॉम्प्युटर पळायला लागेल."

"आणि आतलं?"

"आतलं तसंही गेलं, भंते." त्यानं खिशातून पेनड्राइव्ह काढला. "सगळं अनित्य आहे. तुम्हीच सांगता ना?"

दुसऱ्याच्या वस्तूचं अनित्यपण माणसाला फार चटकन समजतं.

 पंचफुलाबाई डबा उघडू लागल्या. झाकण निघेना. त्यांनी ते लुगड्याच्या पदरानं धरून काढलं.

"गेलं, हे तुला कशावरून कळलं?" भंतेंनी विचारलं.

"दुसरं काय असणार? माझ्या हातून तर काही बिघडलं नाही. मी फक्त काढली आणि परत तिथंच लावली. केबल तीच. जागा तीच. मग दोष डिस्कचाच."

"डिस्क दिसते का मशीनला?"

"दिसते. सेटिंगमध्ये नावासकट दिसते."

"दिसते, आणि सापडत नाही."

"हो ना. म्हणून तर म्हणतो, आतून खराब झाली."

भंते मान हलवत राहिले. ती मान होकाराची की नकाराची, ते सुमेधला कधीच ओळखता आलं नव्हतं. आपल्या सोयीनं तो ती होकाराची धरायचा. आताही धरली.

पंचफुलाबाईंनी ताट वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी. दोन्ही हातांनी उचलून त्यांनी ते भंतेंच्या हातात दिलं. भंतेंनी घेतलं, समोरच्या चौरंगावर ठेवलं आणि डोळे मिटून गाथा म्हणू लागले.

भंते दिवसातून एकदाच जेवत, तेही बाराच्या आत. पुढं दुसऱ्या दिवसापर्यंत पाण्याखेरीज काही नाही. आणि समोर कितीही वाढून ठेवलेलं असो, कुणी हातात दिल्याशिवाय ते घास उचलत नसत. ते जिथं शिकले तिथली ही रीत. गावाला ती सवयीची झाली होती.

गाथा संपत आली तशा पंचफुलाबाई पाणी आणायला बाहेर बोअरिंगवर गेल्या.

इकडे सुमेधच्या हातून कॉम्प्युटरच्या डब्याचा एक स्क्रू सुटला. घरंगळत गेला आणि चौरंगाखाली शिरला. सुमेध लगबगीनं पुढं आला, ताट उचलून बाजूला ठेवलं, चौरंग सरकवला, स्क्रू घेतला. चौरंग जागेवर आणला. ताट पुन्हा चौरंगावर ठेवलं, होतं तसंच, वरणाची वाटी उजवीकडे.

भंतेंचा हात घासासाठी निघाला होता. तो परत मांडीवर गेला.

सुमेधनं ते पाहिलं नाही. त्याची पाठ होती.

त्यानं पेनड्राइव्ह लावला. स्क्रीनवर नवी सिस्टीम घालायची तयारी दिसू लागली. कुठल्या डिस्कवर? त्यानं जुनी निवडली, आधी ती कोरी करायची म्हणून. मग स्क्रीनवर आलं, या डिस्कवरचं सगळं पुसलं जाईल, पुढं जायचं का?

पंचफुलाबाई तांब्या घेऊन आत आल्या.

"भंते, जेवा ना जी. वरण निवून राह्यलं."

भंतेंचे हात मांडीवरच.

"कायले बसले असे?"

सुमेधनं मागं वळून पाहिलं. बोट बटणावरच होतं. "भंते, जेवून घ्या. साडेअकरा होऊन गेले. माझं काम चालू राहील."

"हं."

"ताट समोर तर आहे."

"आहे."

"मग?"

"कुणी दिलं नाही."

पंचफुलाबाई गोंधळल्या. "मी देल्लं ना जी. आत्ताच तं तुमच्या हाती देल्लं."

"दिलं होतंस, बाई."

"मंग?"

भंते समोरच्या भिंतीकडे बघत बसले. ते शिकवत होते की नुसते भुकेले होते, हे सांगणं कठीण होतं.

सुमेधला जरा राग आला. "अहो भंते, ते माझ्यामुळे का? मी फक्त उचललं आणि परत तिथंच ठेवलं. ताट तेच. जागा तीच. एक शीत सांडलं नाही..."

पंचफुलाबाई म्हणाल्या, "तुमी उचललं का? मंग पुन्हा देवा लागते, बापू. ठेवून नाई होत."

"पण जेवण तर काही बिघडलं नाही ना त्यात?"

"जेवनाले काय होते? जेवन चांगलंच हाय."

सुमेध काहीतरी बोलायला निघाला होता. थांबला.

...

त्यानं ताटाकडे पाहिलं. मग स्क्रीनकडे. बोट बटणावरून काढलं. अगदी जपून काढलं, चुकून दाबलं जाऊ नये म्हणून.

"बाई," तो म्हणाला. आवाज बदलला होता. "गेलं नाही काही. कुठंच गेलं नाही."

पंचफुलाबाई ताट उचलायला वाकल्या होत्या. तशाच सरळ झाल्या. "सायत्रा?"

"इकडे या. इकडे या तुम्ही."

त्या गेल्या.

सुमेधनं पेनड्राइव्ह ओढून काढला आणि खिशात टाकला. कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला, थेट सेटिंगमध्ये गेला. बोलत होता तो स्वतःशीच, पण पंचफुलाबाई एकेक शब्द ऐकत होत्या.

"याच्याजवळ स्वतःची एक छोटी आठवण असते, बाई. सुरुवात कुठून करायची, तेवढ्यापुरती. सकाळी जुनी डिस्क काढलेली असताना मी हा चालू केला. ती दिसली नाही, म्हणून यानं तिचं नाव पुसलं. मग मी ती परत लावली. पण लावली म्हणजे काय... यानं पाहिली, आणि गप्प बसला. इथून सुरुवात कर, असं याला कुणी सांगितलंच नाही."

"तुमी सांगा मंग त्याले."

"तेच करतो."

त्यानं जुनी डिस्क निवडली. तिच्या आत जाऊन सिस्टीम चालू करणारी फाइल शोधली आणि ती दाखवून दिली. नाव काय द्यायचं, असं सेटिंगनं विचारलं. त्यानं विहाराचं नाव दिलं. ती ओळ सगळ्यात वर नेली. साठवलं आणि पुन्हा चालू केला.

स्क्रीन काळी झाली. काळीच राहिली. सुमेधनं आपल्या बोटाकडे पाहिलं. मघाशी याच बोटानं आपण काय करायला निघालो होतो, ते त्याला आता नीट कळत होतं. पंचफुलाबाईंनी खुर्चीची पाठ धरून ठेवली होती.

मग तळ्याचं चित्र आलं. रोज यायचं तेच. एका बाजूला फायली, सगळ्या जागच्या जागी.

"कोणती, बाई?"

"ते, खालून दुसरी. मी दरखेपी पाह्यतो ना."

सुमेधनं ती उघडली. आधी नुसती खरखर. कुठंतरी कोंबडा आरवला. आणि मग सायत्राबाई बोलू लागली. जाडसर, सावकाश आवाज.

"...आमी दोघी बहिनी. लहानी पंचफुला. लय खादाड होती लहानपनी. माह्या वाट्याचा भात बी खाऊन टाके..."

"खोटं बोलते," पंचफुलाबाई म्हणाल्या. रडत होत्या आणि हसत होत्या. "तीच देये मले. मी नाई म्हनो, तरी देये."

सुमेधनं बाईंसाठी दुसरी खुर्ची ओढली. त्यानं आवाज थोडा वाढवला. दोघं तशीच बसून राहिली. सायत्राबाईनं भाताचं सांगितलं, बापाचं सांगितलं, तळ्यात बुडता बुडता वाचलेल्या म्हशीचं सांगितलं. म्हशीचं सांगताना ती स्वतःच इतकी हसली, की पुढचं वाक्य ऐकूच आलं नाही.

फाइल संपायला बराच वेळ होता, पण पंचफुलाबाईंनी डोळे पुसले आणि सहज मागं पाहिलं.

"आई वो..."

सुमेधही वळला.

भंते होते तसेच बसले होते. ताट होतं तसंच होतं. वरणावर साय धरली होती. भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजून गेले होते.

"भंते उपाशी राह्यले," पंचफुलाबाई म्हणाल्या आणि मटकन खाली बसल्या. "माह्या हातचं जेवन, आन् मीच इसरली."

"तुझी बहीण बोलत होती, बाई," भंते म्हणाले. "तू ऐकलंस, बरं केलंस."

सुमेध धावत चौरंगापाशी आला. ताट उचललं, गुडघे टेकले आणि दोन्ही हातांनी पुढं धरलं.

भंतेंनी हात पुढं केले नाहीत.

"आता उद्या," ते म्हणाले.

"भंते, एक शब्द बोलायचा होता. मी इथंच होतो."

"होतास."

"चार पावलांवर होतो."

"हो."

ताट हातातच होतं. कुठं ठेवावं ते त्याला सुचेना. त्याला फार लाज वाटली. आजवर भंतेंपुढं त्यानं पुष्कळ गोष्टी मिरवल्या होत्या, पण लाज कधी वाटली नव्हती. कॉम्प्युटरमध्ये सायत्राबाई बोलतच होती. पंचफुलाबाईंनी उठून ताट त्याच्या हातातून घेतलं.

भंते उठले, तांब्यातलं पाणी प्यायले आणि पुन्हा आसनावर येऊन बसले. चेहऱ्यावर राग नव्हता. भूक असेल तर तीही दिसत नव्हती.

सुमेध हात जोडून समोर बसला.

"चुकलं, भंते," सुमेध म्हणाला. मग राहवलं नाही, म्हणून पुढं बोलला. "पण एक सांगतो. आज मला समजलं. नुसतं ठेवून होत नाही. पुन्हा द्यावं लागतं."

भंतेंनी त्याच्याकडे पाहिलं. मायेनं पाहिलं.

"मशीनचं समजलं, सुमेध."