अळणी रविवार

“आणि गौरव्वाला विचारलंस का?” माईंनी विचारलं.

“विचारायची गरजच नाही, माई!” हेरंबची मान ताठ झाली. मठातल्या व्रतकथांचा प्रोग्राम त्यानं एकहाती बनवला होता. एकेक कथा तीन-तीन भाषांत. “कॉम्प्युटरची भाषा बघून प्रोग्राम आपोआप ओळखतो. कॉम्प्युटर मराठीत, म्हणून कथाही मराठीत.”

गौरव्वा पदराचं टोक चाळवत उभी होती. सोळा सोमवार तिनं निष्ठेनं केले होते. उद्या उद्यापन. कथा स्वतःच्या तोंडानं वाचायची, हा तिचा संकल्प.

“मला बोलायला येतंय, माई,” ती हळूच म्हणाली. “वाचायला कन्नडच येतंय.”

“कन्नड कथा आहे की आत!” हेरंब म्हणाला. “अख्ख्या कॉम्प्युटरची भाषा बदला, दिसेल.”

“मग बाकीच्यांनी काय करायचं?” माईंनी विचारलं.

पंगत बसायची वेळ झाली होती. हेरंबच्या पानात त्यांनी स्वतः वाढलं. भात, वर वाफाळती आमटी.

हेरंबनं हात मागे घेतला. “माई, रविवारी मी अळणी जेवतो. तीन वर्षं झाली.”

“कोकणातला ना तू? आमटी-भात लागणारच. मी बघूनच ओळखलं.”

“अहो, पण मला विचारायचं तरी!”

“हवं तर मुदपाकखान्यात सांग. अख्खी पंगत अळणी जेवेल.”

शेजारचे आजोबा दचकले. “माझ्या लोणच्याला कुणी हात लावायचा नाही हं!”

पंगत हसली. हेरंब हसला नाही. आमटीकडे बघत राहिला...

मग पानाला नमस्कार करून तो तसाच उठला. तासाभरानं प्रोग्रामच्या माथ्यावर तीन भाषांची नावं आली, ज्या-त्या भाषेच्या लिपीत. गौरव्वानं कन्नडवर बोट ठेवलं. कॉम्प्युटर मराठीतच राहिला. कथा मात्र कन्नडमध्ये उमटली. ती ओठ हलवत वाचू लागली. मग आवाज फुटला.

हेरंबची छाती पुन्हा फुगली. “माई, आता ते ओळखणं काढूनच टाकतो! येईल त्याला आधी भाषा विचारायची, मगच कथा.”

माईंनी अळणी भाताचं ताट त्याच्यापुढे सरकवलं.

“ओळख की रे. माणसानं अंदाज जरूर बांधावा... फक्त त्यात समोरच्याला कोंडून बाहेरून कडी लावू नये.”